दोन फुटांपर्यंत अडवा, त्यापुढे पाण्याला वाट द्या

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याच्या अकोटा भागात तळमजला आणि त्यावर एक मजला असे आपले घर आहे, आणि दांडिया बाजारात स्टेशनरी व छपाईच्या कागदाचे दुकान आहे, ज्याच्या खाली तळघरात गोदाम आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये घराच्या दिवाणखान्यात साडेतीन फूट पाणी दोन दिवस राहिले आणि गोदामातील कागद पूर्ण गेला. आता ठेकेदाराने घराच्या बाहेरच्या भिंतींना पाच फुटांपर्यंत वॉटरप्रूफ लेप आणि दारांना तेवढ्याच उंचीच्या लोखंडी झडपा सुचवल्या आहेत. हे करावे का, दुकानाचे काय करावे, आणि पूर आला तरी घर न सोडणाऱ्या सासूबाईंचे काय करावे, असे आपण विचारले आहे. गेली तीस वर्षे बडोद्यात घरांच्या दुरुस्तीचे काम करताना जे पाहिले, त्याच्या आधारावर उत्तर देतो. ठेकेदाराच्या प्रस्तावाबद्दलचे माझे मत आधीच सांगतो: तसे करू नये. कारण पुढे येईलच.

पहिली गोष्ट अशी की आपले घर आणि आपले दुकान यांना येणारे पूर एकाच जातीचे नाहीत. दांडिया बाजार, रावपुरा या बाजूला जे पाणी साचते ते मुख्यतः डोक्यावर पडलेल्या पावसाचे असते. ते गटारांच्या क्षमतेपेक्षा जास्त झाले की रस्त्यावर चढते आणि पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरू लागते. ३१ जुलै २०१९ला एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस झाला, तेव्हा नदीपासून दूर असलेल्या गल्ल्याही अशाच बुडाल्या होत्या. अकोटा, मुजमहुडा, कलाली, वडसर, समा या भागांत येते ते विश्वामित्रीचे पाणी. पावागढच्या डोंगरातून निघणारी ही नदी शहरात अरुंद आणि नागमोडी आहे, उतार जेमतेम आहे, आणि पुढे ती ज्या ढाढर नदीला मिळते ती स्वतःच तुडुंब असेल तर विश्वामित्रीचे पाणी पुढे सरकतच नाही. पाणी सामावून घेणारी काठची कोतरे, म्हणजे घळी, आपण गेल्या काही दशकांत भरून टाकली, हा वेगळा आणि दुःखद विषय आहे. परिणाम असा की २०२४ साली गोकुळाष्टमीला पाऊस कोसळला, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकाश मोकळे होऊ लागले आणि तेव्हाच लोकांच्या घरात पाणी चढत होते. दुकानाला इशाऱ्यानंतर तास-दीड तास मिळेल. घराला बहुधा अर्धा दिवस मिळतो. तयारी त्या हिशोबाने वेगळी हवी.

याच संदर्भात एक गोंधळ दूर करतो, कारण दरवर्षी अनेक जण या गोंधळात वेळ घालवतात. बातम्यांत आजवा सरोवराची पातळी २११, २१२, २१३ फूट अशी येते आणि विश्वामित्रीची पातळी काळाघोडा पुलाशी २०, २५, ३० फूट अशी येते. हे दोन वेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आकडे आहेत. त्यांची एकमेकांशी तुलना करू नये. आजव्याचा आकडा पुढच्या काही तासांत वरून किती पाणी येणार याची कल्पना देतो, तर काळाघोड्याचा आकडा आता नदी कुठे आहे ते सांगतो. तिथे धोक्याची पातळी २५-२६ फुटांच्या आसपास धरतात आणि २०२४मध्ये पाणी ३५ फुटांच्याही वर गेले होते. काळाघोड्याला किती फूट असताना आपल्या फाटकाशी पाणी आले, हे आपल्या गल्लीतील जुन्या रहिवाशांना विचारून एका कागदावर लिहून ठेवावे. हा एक आकडा शंभर व्हॉट्सॅप संदेशांपेक्षा उपयोगी आहे. २०२५च्या पावसाळ्याआधी नदीचे पात्र खोल आणि रुंद करण्याचे मोठे काम झाले. त्याने फरक पडेल असे मलाही वाटते, परंतु त्या भरवशावर आपली तयारी सोडू नये.

आता पाच फुटांच्या झडपांविषयी. पाण्याचा भिंतीवरचा एकूण रेटा उंचीच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून फार वेगाने वाढतो. बाहेर दोन फूट पाणी आणि आत कोरडे असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे १८० किलोंचा रेटा येतो. चार फूट पाणी असेल तर तोच रेटा ७२० किलो होतो, म्हणजे चौपट, आणि भिंत बुंध्यातून उलथवण्याचा जोर तर आठपट होतो. दहा फूट लांबीच्या एका खोलीच्या भिंतीवर चार फूट पाण्याचा एकूण रेटा दोन टनांहून अधिक भरतो. आपल्या नऊ इंची विटांच्या भिंती वरून येणारे वजन पेलण्यासाठी बांधलेल्या आहेत. बाजूने येणारा असा रेटा सोसण्यासाठी त्या कोणी बांधलेल्या नसतात. अमेरिकेत साध्या घरांसाठी साधारण तीन फूट आणि ब्रिटनमध्ये सुमारे दोन फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर, ही पाणी बाहेर रोखण्याची मर्यादा मानतात. बडोद्यातील नेहमीच्या विटांच्या घरांसाठी मी दोन फुटांच्या वर जात नाही. लेप कितीही उत्तम असला तरी तो पाणी अडवतो, रेटा अडवत नाही. उलट पाणी आत झिरपून दोन्हीकडची पातळी सारखी होण्याची जी सोय भिंतीला होती, तीच तो काढून घेतो.

हे पुस्तकी नाही. २०२४च्या पुरानंतर मला एका बंगल्यावर बोलावले होते. मालकांनी आदल्या वर्षी कंपाउंडची भिंत खालपासून वरपर्यंत लेपून, फाटकाला रबर लावून घट्ट करून घेतली होती. बाहेर चार फुटांच्या आसपास पाणी चढेपर्यंत अंगण खरोखरच कोरडे राहिले, आणि मग पंधरा-वीस फूट लांबीची भिंत एकदम आत पडली. पाणी हळूहळू आले असते तर सोफे भिजले असते. लाट आली म्हणून दाराची चौकट उखडली आणि अंगणात उभी असलेली गाडी ओसरीवर चढली. त्या वेळी अंगणात कोणी नव्हते, एवढेच नशीब. आपल्याही कंपाउंडच्या भिंतीत जमिनीलगत दर सहा-सात फुटांवर एक वीट सोडून जाळी बसवून घ्यावी, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना सारखे राहील. हे काम आपला कडिया, म्हणजे गवंडी, एका दिवसात करील.

याचा अर्थ काहीच अडवू नये असा नाही. साडेतीन फुटांचा पूर रोज येत नाही; फूट-दीड फूट पाणी मात्र दर दोन-चार वर्षांनी अंगणात येते, आणि तेवढे निश्चित अडवता येते. दाराच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची खाच असलेली पट्टी कायमची बसवून घ्यावी आणि पावसाळ्यात त्यांत सरकवायच्या फळ्या, खाली व कडेला रबरासह, दोन फूट उंचीपर्यंत ठेवाव्यात. उंबऱ्याशी फरशी समपातळीत नसेल तर उत्तम फळीखालूनही पाणी येते, म्हणून आधी तेथे ग्रॅनाइटची सपाट पट्टी बसवावी. वाळूच्या पोत्यांवर लोकांचा फार विश्वास असतो. पण नुसती पोती पाणी थांबवत नाहीत, फक्त हळू करतात. पोती अर्ध्या-पाऊण भरून, विटांसारखी सांधा चुकवून, खाली जाड प्लॅस्टिक अंथरून रचावी लागतात, आणि दोन फूट उंच बांधासाठी पाया सहा फूट रुंद लागतो. आपल्या दाराशी एवढी जागाच नाही. पोती भरायला माणसेही ऐन वेळी मिळत नाहीत.

मात्र दाराच्या फळ्यांआधी पैसे खर्च करायचे ते गटारावर. हा मुद्दा मी लांबवून सांगणार आहे, कारण दहापैकी आठ घरांत चूक इथेच होते. २०१९मध्ये मुजमहुड्याच्या एका घरात मी स्वतः बसलो होतो. दाराशी फळ्या लावलेल्या, बाहेर गुडघ्याच्या वर पाणी, आत फरशी कोरडी. यजमानांनी समाधानाने चहा टाकला. तेवढ्यात न्हाणीघरातून गुडगुड आवाज आला. जाळीतून आधी बुडबुडे, मग काळे पाणी वर आले, आणि वीस मिनिटांत घरातले पाणी बाहेरच्या पाण्याच्या बरोबरीने चढले, फरक इतकाच की आतले पाणी मैल्याचे होते. रस्त्यावरचे ड्रेनेज भरले की त्यातले पाणी आपल्याच पाइपातून उलटे फिरून तळमजल्यावरच्या सर्वांत खालच्या भोकातून बाहेर पडते, म्हणजे न्हाणी ट्रॅप, देशी संडास, वॉशिंग मशीनचा निचरा यांतून. दार तुम्ही बंद केले तरी ही दारे उघडीच असतात.

यावरचा कायमचा उपाय म्हणजे घर आणि म्युनिसिपालिटीचे मॅनहोल यांच्यामधल्या शेवटच्या चेंबरमध्ये एकाच दिशेने उघडणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. बसवताना दोन गोष्टी प्लंबरकडून समोर उभे राहून करून घ्याव्यात. एक, व्हॉल्व्ह हात घालून साफ करता येईल अशा चेंबरमध्ये असावा, कारण केसांचा एक पुंजका किंवा पिशवीचा तुकडा अडकला तरी त्याची झडप पूर्ण मिटत नाही. मे महिन्यात तो उघडून पाहायचा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा. दुसरी गोष्ट बहुतेक प्लंबर विसरतात. झडप मिटली की आपले सांडपाणीही बाहेर जात नाही. वरच्या मजल्यावर कोणी अंघोळ केली किंवा फ्लश ओढला तर ते पाणी खाली उतरून आपल्याच तळमजल्याच्या न्हाणीतून वर येते, आणि मग घरमालक व्हॉल्व्ह खराब निघाला म्हणून तक्रार करतात. म्हणून वरच्या मजल्याची लाइन वेगळी काढून व्हॉल्व्हच्या पुढे, म्हणजे मॅनहोलच्या बाजूला, जोडावी. तळमजल्याची तेवढीच व्हॉल्व्हच्या मागे राहू द्यावी. हे होईपर्यंतचा तात्पुरता उपाय म्हणजे भोके बुजवणे. दोन फूट पाण्याच्या दाबाने चार इंची पाइपाच्या तोंडावर साधारण पाच किलोंचा जोर येतो, त्यामुळे जाळीवर एक वीट ठेवणे व्यर्थ आहे. प्लंबर ज्या रबरी बुचाने लाइन तपासतात, तसे पेचाने फुगणारे बूच प्रत्येक भोकाच्या मापाचे आणून ठेवावे. संडासाच्या भांड्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेले वाळूचे लहान पोते दाबून वर वजन ठेवले तरी चालते.

दोन फुटांच्या वर पाणी जाणार अशी चिन्हे दिसली की फळ्या काढून पाणी शांतपणे आत येऊ द्यावे. हे ऐकायला विचित्र वाटते आणि घरच्यांना पटवणे कठीण जाते, हे मला माहीत आहे. पण तोपर्यंत मिळालेल्या वेळात सामान वर गेलेले असावे आणि उरलेले घर भिजायला तयार असावे, हीच खरी योजना आहे. त्यासाठी गवंड्याची पारदर्शक लेव्हलची नळी घेऊन २०२४ची ओली रेघ दिवाणखान्यातून प्रत्येक खोलीत न्यावी आणि त्यावर एक फूट वाढवून पेन्सिलीने खूण करावी. त्या खुणेखाली विजेचा एकही पॉइंट, प्लायवूडचे एकही फर्निचर आणि पीओपीचे काहीही राहू नये. स्वयंपाकघरातील खालची कपाटे प्लायऐवजी कडाप्प्याची किंवा स्टीलची करावीत. सागवानाला दोन दिवसांचे पाणी सहसा काही करीत नाही, पार्टिकल बोर्ड मात्र फुगून लापशी होतो. आपल्या जुन्या वाड्यांत जोते उंच, खांब सागाचे आणि खाली दगडी तळखडा, ही रचना उगीच नव्हती.

विजेबाबत मी कोणतीही तडजोड सांगत नाही. मुख्य बोर्ड आणि मीटर खुणेच्या वर हवेत; मीटर हलवण्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज करावा लागतो, तो उन्हाळ्यातच करावा. तळमजल्याचे सर्किट वेगळे असावे, म्हणजे ते बंद करून वरच्या मजल्यावर दिवा-पंखा चालू ठेवता येईल. प्रत्येक मजल्याला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा आणि महिन्यातून एकदा त्यावरचे टेस्टचे बटण दाबून पाहावे. वायरिंग जमिनीतून वर न नेता छतातून खाली आणावे. इन्व्हर्टरची बॅटरी जिन्याखाली असते तशीच ठेवू नये. छतावर सोलर असेल तर एक सूचना, जी फार कमी जणांना माहीत असते: मेन स्विच पाडला तरी उजेड असेपर्यंत पॅनेलकडून येणाऱ्या तारेत वीज असतेच. सोलरचा इन्व्हर्टर ओसरीत कमरेच्या उंचीवर बसवलेला असतो, तो वर न्यावा आणि त्याचा डीसी स्विच छतावरच हाताशी असावा.

तरंगणाऱ्या वस्तूंचा विचार लोक करीत नाहीत. गॅसचा भरलेला सिलिंडरही पाण्यावर तरंगतो आणि नळी ओढून तोडतो. त्याला भिंतीतील कड्याला साखळीने बांधावे आणि पाणी येण्याआधी रेग्युलेटर काढावा. फ्रिज तरंगून आडवा होतो. अंगणातील जमिनीखालची पाण्याची टाकी रिकामी असेल तर फुगलेल्या ओल्या जमिनीतून ती वर उचलली जाऊन तडकते, म्हणून पुराची शंका आली की ती काठोकाठ भरून झाकण सील करावे. पाण्यात बुडालेली गाडी कृपया चालू करून पाहू नये. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही, आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत इंजिनाचे हे नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागते.

दुकानाबद्दल माझे उत्तर कदाचित आवडणार नाही. तळघरात कागद ठेवू नये. तळघर हे पाणी साठण्याचेच ठिकाण आहे, आणि जुन्या इमारतीच्या तळघराला बाहेरून कोरडे ठेवण्याच्या नादात भिंतींवर व फरशीवर खालून येणारा दाब इतका वाढतो की कधी फरशीच फुगून फाटते. भाड्याने वरच्या मजल्यावर किंवा शहराच्या उंच भागात गोदाम घेणे हे एका पुरातल्या नुकसानीपेक्षा स्वस्त पडेल, हा हिशोब आपणच २०२४मध्ये गेलेल्या स्टॉकवरून करून पाहावा. तळघर वापरायचेच असेल तर तेथे धुऊन पुन्हा वापरता येईल असाच माल, प्लॅस्टिकचे किंवा स्टेनलेस स्टीलचे, ठेवावा. तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी फूटभर उंचीचा पक्का उंबरा करावा, कारण दांडिया बाजारातील बहुतेक पाणी इतक्याच उंचीचे असते. आणि कोपऱ्यात खड्डा करून त्यात आपोआप चालू होणारा पंप बसवावा, ज्याची वीज जनरेटरवरून किंवा वरच्या मजल्याच्या सर्किटवरून येईल. पूर ओसरल्यावर भरलेले तळघर एका दमात उपसू नये. बाहेरची माती अजून पाण्याने भरलेली असते आणि आतले पाणी काढले की तिला भिंत आत ढकलायला अडथळा उरत नाही. दोन-तीन फूट उपसावे, भिंतीवर खूण करावी, रात्रभर पातळी पुन्हा वाढते का ते पाहावे, मग पुढे जावे. हिशोबाच्या वह्या, जीएसटीची कागदपत्रे आणि स्टॉकची यादी यांची प्रत दुकानाबाहेर असावी.

विम्याचे थोडक्यात. १ एप्रिल २०२१पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही सर्व कंपन्यांची एकसारख्या अटींची पॉलिसी आहे आणि तिच्यात पूर येतो. इमारतीचा विमा घेतला की घरातील सामानासाठी त्याच्या वीस टक्के, कमाल दहा लाख, इतके संरक्षण आपोआप मिळते. दुकानासाठी, एकूण मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर, 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पाहावी. तळघरातील मालाची नोंद पॉलिसीत आहे ना, आणि त्याला काही वेगळी अट आहे का, हे एजंटच्या तोंडी आश्वासनावर न सोडता लेखी घ्यावे. बँकेने कर्जासाठी काढलेली पॉलिसी आपल्याला पुरेशी असतेच असे नाही. पुरानंतर सर्व्हेअर येण्याआधी काही फेकावे लागले तर आधी प्रत्येक वस्तूचा, भिंतीवरील पाण्याच्या रेघेसह, फोटो काढावा.

पाणी ओसरल्यावर घरात शिरताना आधी काठी, मग पाय. विश्वामित्रीत मगरी शेकडोंनी आहेत आणि पुरात त्या अंगणात, जिन्याखाली येऊन बसतात. दिसली तर वनखात्याला फोन करावा, शेजारच्या मुलांना दाखवण्यासाठी बोलावू नये. चिखल ओला असतानाच धुवावा, वाळला की तो सिमेंटसारखा चिकटतो. मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसून दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. नऊ इंची भिंत आतून वाळायला महिने लागतात. दिवाळीच्या आत रंग लावण्याची घाई अनेक जण करतात आणि संक्रांतीला तो पापुद्र्यांनी गळतो. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला असेल तर ओल आत कोंडते. तेथे खालचा चार फूट गिलावा काढून चुन्याचाच करावा.

सासूबाईंविषयी एवढेच सांगतो की ऐन वेळी वाद घालू नये. मी पाहिलेल्या बहुतेक वृद्धांना पुराची नव्हे, देवघर आणि कपाट खाली सोडून जाण्याची भीती असते. देवघर, औषधे, त्यांचा पलंग आणि कागदपत्रांची पेटी जूनच्या पहिल्या आठवड्यातच वरच्या मजल्यावर हलवावी आणि त्यांनी चार महिने वरच राहावे. मग पाणी आल्यावर जिना चढण्याचा प्रश्नच उरत नाही. वरच्या संडासाची लाइन व्हॉल्व्हच्या पुढे जोडायला मी मघाशी सांगितले ते मुख्यतः याचसाठी. आणि घर सोडावे लागेल तो आकडा, म्हणजे काळाघोड्याला किती फूट झाले की गाडी काढायची, हा त्यांच्यासमोर आत्ताच ठरवून त्यांच्याच हाताने कॅलेंडरवर लिहून घ्यावा.